ग्राहकाच्या सकाळच्या मीटिंगमध्ये तुमच्या वतीनं कोण बोलतं?

प्रश्न : नाशिकच्या सातपूरला वडिलांनी उभं केलेलं टर्निंग-मिलिंगचं, म्हणजे धातूचे सुटे भाग कापून घडवण्याचं, युनिट आता मी सांभाळते. दोन सीएनसी, एक व्हीएमसी (ही संगणकावर चालणारी मशीन्स) आणि काही जुनी लेथ मशीन्स आहेत. ग्राहक बहुतेक नाशिकचेच, एक चाकणचा. वडिलांना ग्राहकांकडची माणसं नावानं ओळखायची, एका फोनवर काम व्हायचं. आता तिथं खरेदी विभागात नवी, तरुण माणसं आली आहेत. पोर्टलवर चौकशी येते, दर विचारतात, पाच टक्के कमी करा म्हणतात आणि विषय संपतो. पार्ट्या आणि भेटवस्तू मला जमत नाहीत, करायच्याही नाहीत. मग ग्राहकाशी संबंध बांधायचे आणि टिकवायचे कसे?

उत्तर : अंबडला स्वतःची शेड टाकण्याआधी मी बरीच वर्षं एका मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागात होतो. माल मागणं आणि माल देणं, दोन्ही केलेलं आहे. म्हणून आधी तुम्हाला त्या तरुण खरेदी अधिकाऱ्याचा दिवस कसा असतो ते सांगतो. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

तो सकाळी येतो तेव्हा त्याच्यासमोर शॉर्टेज लिस्ट असते. आज लाइनला काय लागणार, स्टोअरमध्ये काय आहे, काय नाही. थोड्या वेळात मॉर्निंग मीटिंग. प्लांट हेड, प्रॉडक्शन, क्वालिटी, स्टोअर, सगळे बसलेले असतात. यादीतल्या प्रत्येक लाल ओळीवर त्याला विचारतात, ‘हा माल कधी?’ तो म्हणतो, ‘दुपारी दोनपर्यंत.’ हे ‘दुपारी दोन’ त्याला तुम्ही सांगितलेलं असतं. दोनला माल आला नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत बसून त्याच माणसांसमोर त्याला परत उत्तर द्यावं लागतं. तुम्ही तिथं नसता. तुमच्या शेडमध्ये लाइट गेली होती की बारचं मटेरियल उशिरा आलं, याच्याशी त्या खोलीत कोणाला काही देणंघेणं नसतं.

माझ्या लेखी ग्राहक म्हणजे कंपनीत तुमच्याबद्दल ज्याला उत्तर द्यावं लागतं तो माणूस. त्याला खाली मान घालावी लागू नये आणि कोणतीही गोष्ट त्याला दुसऱ्याकडून कळू नये, यासाठी तुम्ही जे करता तेच त्याच्याशी तुमचं नातं. वडिलांची ‘ओळख’ म्हणजे बहुधा हीच होती. त्यांच्या शब्दावर समोरचा माणूस मीटिंगमध्ये बिनधास्त बोलू शकत होता. पोर्टल आलं म्हणून ही गरज संपलेली नाही. उलट नवा माणूस नोकरीत कच्चा असतो, त्याला ती जास्त असते.

आता असा माणूस एकच नसतो. पोर्टलमुळे तुम्हाला फक्त खरेदीवाला दिसतो. पण तुमच्या मालाबद्दल पुरवठादार गुणवत्तेचा इंजिनिअर उत्तर देतो, स्टोअरकीपर देतो, लाइनवरचा सुपरवायझर देतो, अकाउंट्समधली व्यक्ती देते. प्रत्येकाची चिंता वेगळी. स्टोअरवाल्याला चलन (मालासोबतचा कागद), पीओ म्हणजे खरेदी ऑर्डरचा नंबर आणि नगसंख्या जुळायला हवी असते. जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर टेम्पो आलेला त्याला नको असतो. या लोकांना भेटायला तीन-चार महिन्यांतून एकदा जा, आणि ऑर्डर मागायला जाऊ नका. जाताना एकच विनंती करा : ‘आमचा पार्ट जिथं बसतो ती जागा मला बघायची आहे.’ ही विनंती सहसा कोणी नाकारत नाही, कारण फार थोडे वेंडर (पुरवठादार) ती करतात.

तिथं काय दिसतं याचं एक उदाहरण देतो. ड्रॉइंगवर फक्त ‘बर काढा’, म्हणजे कापताना कडेला राहिलेली धार काढा, एवढं लिहिलेलं असतं. तुमच्या इन्स्पेक्शनला पार्ट पास असतो, त्यांच्या इन्कमिंगला, म्हणजे आलेल्या मालाच्या तपासणीलाही, पास असतो. पण असेंब्लीवर बसलेला कामगार रोज तो पार्ट उचलताना कडेला बोट घासतो आणि सुपरवायझर त्याच्या हाताशी एक फाइल ठेवून देतो. ही तक्रार कागदावर कधीच येत नाही. तुम्ही ते पाहिलंत, परत येऊन प्रोग्रॅममध्ये त्या कडेला अर्ध्या मिलिमीटरचा चॅम्फर (तिरका काप) टाकायचा प्रस्ताव ड्रॉइंगच्या नोंदीसह पाठवलात, तर सायकल टाइम काही सेकंदांनी वाढेल. पण त्या लाइनवर तुमचं नाव राहील. तिथून पुढं क्वालिटीवाला तुमचा पार्ट हातात घेतो तेव्हा तो चांगला असणार असं धरून घेतो. (प्रस्ताव पाठवा असं म्हणतोय. न विचारता चॅम्फर टाकू नका. ड्रॉइंगबाहेरची सुधारणाही त्यांच्या भाषेत चूकच असते.)

सगळ्यात मोठा भाग वाईट बातमीचा आहे. त्यावर थोडं सविस्तर लिहितो.

आमच्या रांगेतल्या एका शेडमध्ये घडलेली गोष्ट. बुश होते, आतला व्यास २५ एच७, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर, एकूण २१ मायक्रॉनची मुभा. दुसऱ्या शिफ्टमध्ये इन्सर्ट (कापणारं टोक) बदलला, मशीनमध्ये भरायचा ऑफसेटचा आकडा चुकीचा भरला गेला, आणि काही नगांत प्लग गेजची नो-गो बाजू, जी भोकात जाताच कामा नये, ती सरळ आत जायला लागली. शिफ्ट संपताना हे लक्षात आलं, तेव्हा त्या लॉटमधला काही माल संध्याकाळच्या टेम्पोनं ग्राहकाच्या स्टोअरला पोचलेला होता. शेडच्या मालकासमोर दोन रस्ते होते. गप्प बसायचं, कारण इन्कमिंगला सगळे नग तपासत नाहीत, थोडे नमुने तपासतात आणि निघूनही गेलं असतं. किंवा सांगायचं.

त्यानं रात्रीच क्वालिटी इंजिनिअरला फोन लावला. ‘सर, थोडा प्रॉब्लेम आहे, सकाळी बघू’ अशी सुरुवात केली नाही. चलन नंबर सांगितला, त्या चलनावर किती नग गेले ते सांगितलं, त्यातले इन्सर्ट बदलल्यानंतरचे किती संशयित आहेत ते सांगितलं, आणि ‘पहिली शिफ्ट सुरू होण्याआधी माझी दोन माणसं गेज घेऊन तुमच्या गेटवर असतील, गेटपासचं सांगून ठेवा,’ असं सांगितलं. सकाळी माल वेगळा काढला, चांगले नग लाइनला गेले, लाइन थांबली नाही. रिजेक्शन नोट आली, डेबिट (बिलातून कपात) पडलं, एटडी रिपोर्ट (चुकीचं कारण आणि उपाय लिहून द्यायचा ठरलेला नमुना) मागितला गेला. सगळं रीतसर झालं. पण त्या इंजिनिअरला मॉर्निंग मीटिंगमध्ये काय म्हणता आलं? ‘वेंडरकडून रात्री कळलं, माल अडवला आहे, लाइनला अडचण नाही.’ हेच त्याला लाइनवर पार्ट ढिला बसल्यावर कळलं असतं तर त्याचा तो दिवस कसा गेला असता, याचा विचार करा. पुढं त्या कंपनीनं वेंडरांची संख्या कमी केली तेव्हा ही शेड यादीत राहिली. तिच्यासाठी खरेदीवाल्याच्या आधी क्वालिटीवाला बोलला होता.

एटडी रिपोर्टबद्दलही सांगतो, कारण पुष्कळ लहान युनिट तिथं गुण घालवतात. उपाय म्हणून ‘ऑपरेटरला समज दिली’ किंवा ‘प्रशिक्षण दिले’ असं लिहू नका. वाचणाऱ्याला लगेच कळतं की काहीच बदललेलं नाही. इन्सर्ट बदलल्यावरचा पहिला नग लाल ट्रेमध्ये जाईल, बोअर गेजनं मोजून नोंदवहीत सही झाल्याशिवाय मशीन पुढं चालणार नाही, असं लिहा आणि तसंच करा. दोन-तीन महिन्यांनी त्या नोंदवहीच्या पानाचा फोटो कोणी मागितलेला नसताना पाठवा.

उशिराची बातमीही अशीच द्यायची. उशीर होणार हे तुम्हाला बहुतेक वेळा दोन दिवस आधी कळलेलं असतं. पण ‘कदाचित जमेल’ या आशेवर आपण गप्प बसतो, आणि ते दोन दिवस समोरच्याला सर्वात मोलाचे असतात. तेवढ्यात तो प्लॅन मागंपुढं करू शकतो, दुसऱ्या मॉडेलची लाइन आधी घेऊ शकतो. मेसेज असा असावा : ‘६०० पैकी ४०० नग आज रात्री निघतील. उरलेले २०० गुरुवारी दुपारी. झिंक प्लेटिंगहून माल एक दिवस उशिरा येतो आहे. गुरुवारमध्ये बदल झाला तर बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत कळवते.’ हा मेसेज तो जसाच्या तसा वर पाठवू शकतो. कारणांची लांबण लावली, तर त्याला त्यातून उत्तर शोधत बसावं लागतं.

आणि मुळात तारीख देतानाच उलटं मोजून द्या. टेम्पोचा दिवस, इन्स्पेक्शनचा दिवस, बाहेर हीट ट्रीटमेंट किंवा प्लेटिंगला लागणारे दिवस, मशीनिंग, मटेरियल. चाकणचा माल सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत दीडशेहून जास्त किलोमीटर जातो, तेव्हा सकाळी निघालेला टेम्पो त्याच सकाळी पोचेल असं कोणाला सांगू नका. मग नाशिकचं आपलं वेळापत्रक धरा. आपल्याकडची निम्मी पोरं त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडची असतात. जुलैत पाऊस लागला की ती भाताच्या आवणीला जाणारच, आणि जायलाच हवं. बिहार-यूपीची माणसं दिवाळीला जी जातात ती छठ झाल्यावर परततात, तोच प्रकार होळीला. हे दरवर्षी होतं, तरी दरवर्षी ग्राहकाला ते ऐनवेळी कळतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात एक पत्र पाठवा : जुलैत आमची क्षमता इतकी असेल, त्यासाठी जूनमध्येच इतका माल जास्त करून ठेवू शकतो, तुमची मंजुरी हवी. सिंहस्थाचंही तसंच. २०१५ ला पर्वणीच्या दिवशी शहरातली वाहतूक कशी होती ते तुमच्या वडिलांना विचारा. आता २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमृतस्नानाचे दिवस आहेत. चाकणच्या खरेदीवाल्याला हे डोक्यात असण्याचं काही कारण नाही. ज्या वेंडरनं त्याला दोन महिने आधी साठ्याचा तक्ता पाठवला, तो त्याच्या लक्षात राहतो.

ड्रॉइंगच्या बदलाचा मुद्दा छोटा आहे, पण घरं बुडवणारा आहे. डिझाइनवाला फोनवर सांगतो, ‘ती लांबी ४२ ऐवजी ४१.५ करा, ड्रॉइंग पाठवतो नंतर.’ तुम्ही करता. ड्रॉइंग येत नाही. तो माणूस बदलून जातो आणि नवा इन्कमिंगवाला जुन्या रिव्हिजननं (ड्रॉइंगच्या जुन्या आवृत्तीनं) सगळा लॉट नाकारतो. अशा वेळी कोण खरं बोलतंय हा वाद तुम्ही जिंकलात तरी नातं हरता. म्हणून फोन ठेवल्यावर लगेच मेल करा : ‘आत्ता बोलणं झालं त्याप्रमाणे रिव्हिजन बी मधल्या ४२ ऐवजी लांबी ४१.५ धरत आहोत. सुधारित ड्रॉइंग येईपर्यंत पहिले ५० नगच करू.’ यात अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही. उद्या त्या डिझाइनवाल्यालाही हाच मेल वाचवतो. व्हॉट्सअॅपवर आलेलं ड्रॉइंग मशीनवर जाऊ द्यायचं नाही, हा नियम शेडमध्ये मोठ्या अक्षरांत लावा.

आता तुमचा पाच टक्क्यांचा प्रश्न. खरेदीवाला दर कमी मागतो तेव्हा दरवेळी तुम्ही महाग आहात असा त्याचा अर्थ नसतो. त्याला वर्षाचं बचतीचं लक्ष्य दिलेलं असतं आणि त्याच्या वरिष्ठाला त्यानं काहीतरी दाखवायचं असतं. त्याला दाखवायला काहीतरी द्या, पण ते तुमच्या नफ्यातून कापून देऊ नका. पार्टचा हिशोब उघडा मांडा : मटेरियलचं वजन आणि दर, मशीनचा तासाचा दर, सायकल टाइम, बाहेरची प्रक्रिया, स्क्रॅपची वजावट, पॅकिंग आणि वाहतूक. पुष्कळ जण म्हणतात, हिशोब उघडला की ग्राहक पिळून काढतो. तसं करणारे ग्राहक आहेत. पण माझा अनुभव असा की उघड्या हिशोबावर चर्चा ‘पाच टक्के’ या आकड्यावरून उठते आणि कुठं काय वाचेल इकडे वळते. मटेरियलचा दर वर-खाली झाला की पीओचा दरही त्या सूत्रानं बदलेल, हेही अशाच बैठकीत लिहून घेता येतं. तोंडी ते कधीच होत नाही.

वाचवायच्या जागा खूप असतात, आणि मशीनवर उभा राहणारा माणूस त्या डिझाइनवाल्याच्या आधी ओळखतो. मोकळ्या राहणाऱ्या, कुठंही न बसणाऱ्या बाहेरच्या व्यासावर उगीच ग्राइंडिंगची मुभा दिलेली असते, टर्निंगवर भागलं असतं. थ्रेड गरजेपेक्षा खोल असतो. बारचा साइज असा निवडलेला असतो की अर्धं मटेरियल चिप्समध्ये जातं. अशी एक सूचना तुम्ही लेखी दिलीत, ती त्यांच्या डिझाइननं मंजूर केली आणि त्यातून बचत झाली, तर खरेदीवाला ती स्वतःच्या खात्यात मोठ्या अभिमानानं दाखवतो. दाखवू दे. श्रेय पूर्ण त्याला द्या, वाचलेल्यातला वाटा मात्र आधी ठरवून घ्या. आणि जिथं खरंच कापायला जागा नाही तिथं ‘या दराला मला जमणार नाही’ असं सरळ सांगा. तोटा सोसून घेतलेलं काम तिसऱ्या महिन्यात मशीनवर मागं पडतं, गुणवत्तेत उतरतं, आणि मग जो माणूस तुम्हाला ‘स्वस्त वेंडर’ म्हणून घेऊन आला त्यालाच उत्तर द्यावं लागतं.

अकाउंट्सकडे बहुतेक लहान उद्योजक फक्त पैसे मागायला जातात. तिथलं नातं पैसे मागायच्या आधी सुरू होतं, आणि ते जीएसटीच्या रिटर्नपासून. १ जानेवारी २०२२ पासून, तुमचं बिल तुमच्या रिटर्नमधून त्यांच्या जीएसटीआर-२बी या जीएसटी पोर्टलवरच्या तक्त्यात उतरल्याशिवाय त्यांना त्या बिलाचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेता येत नाही. तुमची उलाढाल ५ कोटींच्या आत असेल आणि तुम्ही तिमाही रिटर्नची पद्धत घेतली असेल, तर पहिल्या दोन महिन्यांची बिलं आयएफएफ या पोर्टलवरच्या सोयीतून पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत टाकता येतात. ही सोय ऐच्छिक आहे. ती वापरली नाही तर तुमच्या ग्राहकाचं क्रेडिट तिमाही संपेपर्यंत अडकतं आणि त्यांची अकाउंटंट दर महिन्याला तुमच्या नावापुढं एक खूण करते. तुमच्या कर सल्लागाराला हे आजच विचारा. मासिक रिटर्न असेल तर ११ तारीख चुकवू नका. बिलावर पीओ नंबर, चलन, एचएसएन (करासाठीचा मालाचा वर्ग-क्रमांक) आणि शक्य असेल तिथं जीआरएन (माल मिळाल्याच्या नोंदीचा) नंबर टाका. रखडलेल्या पैशांची मोठी कारणं सांगितली जातात, पण कितीतरी बिलं निव्वळ नंबर जुळत नाही म्हणून कोणाच्या तरी ट्रेमध्ये पडून असतात.

कायदा तुमच्या बाजूनं आहे, आणि तो माहीत असायला हवा. तुम्ही उत्पादन करता, उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) असेल आणि युनिट सूक्ष्म किंवा लघु असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढं मुदत जात नाही, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, मासिक चक्रवाढीनं व्याज लागतं. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्यानं आणलेल्या, ४३बी(एच) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीमुळे, मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी दाखवता येते. पण यातलं काहीही धमकीच्या सुरात वापरायची गरज पडत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा. पीओत मुदत लिहून घ्या. दर महिन्याच्या पाच तारखेला थकीत बिलांचा तक्ता पाठवा, ज्यात प्रत्येक बिलाची मुदत कधी संपते ते स्पष्ट असेल. अकाउंट्सच्या माणसाला मार्चमध्ये तो तक्ता हवाच असतो, कारण ऑडिटर त्याच्याकडे तेच मागतो. उद्यम नोंदणी रद्द करा म्हणजे ऑर्डर देतो, असं कोणी म्हणालं तर करू नका. २५० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना ट्रेड्सवर (लघुउद्योगांना बिलांवर लवकर पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर) नोंदणी ३१ मार्च २०२५ पर्यंत बंधनकारक केली गेली. तुमचा मोठा ग्राहक तिथं असेल तर बिल तिथं लावण्याची विनंती करा. पैसे लवकर मिळतात आणि खरेदीवाल्याशी त्या विषयावर बोलावंच लागत नाही.

भेटवस्तू आणि पार्ट्या तुम्हाला करायच्या नाहीत, हे चांगलं आहे. बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या आचारसंहितेत महागड्या भेटवस्तूंना मनाई असते. घरी पाकीट किंवा महागडी वस्तू पोचवली, की तुम्ही त्या माणसाला आणखी एका गोष्टीबद्दल उत्तर द्यायला लावता, आणि ती सगळ्यात अवघड असते. तुमचा दर उद्या खरोखर योग्य असला तरी त्याच्यावर बोट दाखवलं जातं. नाशिकमध्ये जानेवारी-फेब्रुवारीत दिंडोरी-निफाडकडची द्राक्षं सगळीकडे फिरत असतात. तुम्हाला द्यायचीच असतील, तर त्यांच्या कंपनीच्या नियमात बसतं का ते विचारून दोन पेट्या उघडपणे विभागासाठी पाठवा, गेटवर नोंद करून. क्वालिटी, स्टोअर, शिपाई, सगळ्यांनी मिळून खावीत. यापलीकडे काही नको. माणूस आजारी पडला, त्याच्या घरी काही दुःखद घडलं, तर मात्र जा. ते देणंघेणं नसतं आणि ते त्यालाही कळतं.

गोपनीयतेवर थोडक्यात. आपल्या एकाच शेडमध्ये दोन स्पर्धक कंपन्यांचं काम चालू असतं. एका कंपनीचा माणूस ऑडिटला आला की दुसऱ्याचं ड्रॉइंग मशीनवर टांगलेलं दिसता कामा नये, पार्टवरही झाकण हवं. तो काही बोलणार नाही, पण आपलंही ड्रॉइंग इथं असंच सगळ्यांना दिसत असणार, हे मनात घेऊन जाईल. तसंच, ज्याच्यामार्फत तुमचं काम मोठ्या कंपनीला जातं त्याला वगळून थेट वर जाऊ नका. वरून तुम्हाला विचारणा झाली तर ती मधल्याला स्वतः सांगा. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे मिळून हे जग फार छोटं आहे. आज एका कंपनीत असलेला खरेदीवाला दोन वर्षांनी दुसरीत असतो आणि तुमची कीर्ती सोबत घेऊन जातो.

प्रत्येक ग्राहक टिकवायचा नसतो, हेही ठरवून टाका. सतत पीओशिवाय काम करून घेणारा, रिजेक्शनचे नग न दाखवताच डेबिट टाकणारा, तुमच्या माणसांशी गेटवर तुसडेपणानं वागणारा, अशा ग्राहकाला हातातली ऑर्डर व्यवस्थित पूर्ण करून, त्याचं टूलिंग आणि फिक्स्चर यादीसह परत करून, महिनाभराच्या सूचनेनं सोडा. ते जमण्यासाठी कोणत्याही एका ग्राहकावर तुमची निम्म्याहून जास्त उलाढाल अवलंबून असता कामा नये. तशी ती असेल तर पुढचं वर्ष दुसरा ग्राहक शोधण्यात घाला, नव्या मशीनचं नंतर बघा. ज्याच्याशिवाय आपलं चालत नाही त्याला वाईट बातमी वेळेवर द्यायला माणूस घाबरतो, आणि मग मी वर लिहिलेलं सगळं अवघड होऊन बसतं.

नव्या माणसांबद्दल शेवटी. खरेदीवाला बदलला की त्याला तुमच्या पार्टचा इतिहास माहीत नसतो आणि जाणारा माणूस तो सांगत नाही. प्रत्येक पार्टची एक पानी नोंद ठेवा : कधीपासून करतो, कोणती रिव्हिजन, दर कधी आणि का बदलला, कोणती तक्रार आली, काय बदल केला, मंजूर मेलची तारीख. नवा माणूस आल्यावर पहिल्या आठवड्यात ती पानं घेऊन जा. त्याच्या वरिष्ठानं ‘हा पार्ट यांच्याकडेच का?’ असं विचारलं, की त्याच्या हातात उत्तर असेल.

आणि वडिलांना प्रत्येक जुन्या ग्राहकाकडे एकदा सोबत न्या. त्यांनी ओळख करून द्यावी, चहा प्यावा, जुन्या लोकांना भेटावं. तांत्रिक प्रश्न आला की उत्तर मात्र तुम्हीच द्यायचं. ‘साहेब नाहीत का?’ हा प्रश्न तुम्हाला काही महिने ऐकावा लागेल. त्यावर चिडण्यापेक्षा ड्रॉइंग उघडून थेट त्या मोजमापावर बोला, तो प्रश्न कमी होत जातो. त्या भेटीनंतर डिलिव्हरीचे फोन वडिलांनी उचलायचे नाहीत. उचलले तर ‘तिलाच विचारा’ एवढंच सांगायचं. त्यांनी प्रेमापोटी एकदा जरी तुमच्या प्लॅनिंगबाहेरची तारीख देऊन टाकली, तर ग्राहक पुढं दर वेळी त्यांनाच फोन करेल. दरवाढीचा विषय या भेटीत काढू नका. तो हिशोबाच्या तक्त्यासह वेगळ्या पत्रानं पाठवा, एप्रिलचे नवे पीओ निघायच्या निदान महिनाभर आधी.